शेपटीतली गाठ

मांजरांच्या प्रदर्शनात त्यांना सगळे ‘दहा डोळ्यांचे मास्तर’ म्हणत. शाळेची नोकरी कधीच संपली, पण परीक्षकाचं टेबल काही सुटलं नाही. तीस वर्षं त्यांनी आखूड केसांची जातिवंत मांजरं तपासली. डोकं गोल, गाल भरलेले, कान लहान आणि एकमेकांपासून लांब, डोळे तांब्याच्या रंगाचे, राखाडी केस मुळापर्यंत एकाच रंगाचे. हे काय, कुणीही पाहून सांगेल. शेपटीतली गाठ मात्र दिसत नाही. दाट केसांखाली तांदळाच्या दाण्याएवढं हाड वाकडं असतं, ते बोटालाच लागतं. असं मांजर बाद, आणि त्याची पिलंही काढायची नाहीत, कारण गाठ पिलांत उतरते. मास्तरांची दहा बोटं म्हणजे दहा डोळेच; त्यांच्या चिमटीतून अशी एकही शेपटी सुटली नव्हती.

दोन वर्षांपूर्वी मधुमेहाने त्यांची बोटं बधिर केली. मास्तरांनी कुणाला सांगितलं नाही. सांगून घरी बसायचं आणि माशा मारायच्या? शेपटीवरून हात फिरवायचा, मान डोलवायची, वेळ मारून न्यायची. प्रदर्शन जवळ आलं की झोप धड लागायची नाही.

आज सकाळी त्यांनी कढत चहाचा पेला उचलला तो तसाच धरून ठेवला.

“अहो बाबा, फोड आलाय बोटाला!” मुलगी ओरडली. त्यांच्या टेबलाशी गुण लिहायला तीच बसायची.

“कातडी निबर झालीय गं माझी,” मास्तर हसले. ती हसली नाही.

दुपारी एका नर्सबाईंचा राखाडी बोका टेबलावर आला. पठ्ठ्या देखणा! मास्तरांनी डोक्याचे, डोळ्यांचे, केसांचे गुण भराभर सांगितले. मग शेपटी धरली. मुळापासून टोकापर्यंत बोटं नेली. काही लागलं नाही. पुन्हा नेली. टोकाशी येताच बोक्याने अंग चोरलं. शेपटी सरळ आहे, की आपल्यालाच कळत नाही? वर पाहिलं, तर नर्सबाई त्यांच्या बोटावरचा फोड न्याहाळत होत्या. असले हात त्या रोज बघत असणार. आता आपलं बिंग फुटलंच, असं त्यांना वाटलं.

“बाळ,” ते मुलीला म्हणाले, “शेपटी तू बघ. मला काही लागत नाही. दोन वर्षं झाली.”

मुलीने पेन ठेवलं. ती उठली, तिने शेपटी चाचपली. “गाठ आहे, बाबा. टोकाच्या जरा अलीकडे.”

बोका बाद झाला. एकदाचे सुटलो, असं मास्तरांना क्षणभर वाटलं.

नर्सबाईंनी बोक्याला उचललं. त्या चिडल्या नव्हत्या. “मास्तर, याच्या बापाला दीड वर्षापूर्वी तुम्हीच पहिला नंबर दिलात. तुमच्या सहीवर विसंबून त्याची एकोणीस पिलं आम्ही लोकांना दिली.”

दर प्रदर्शनात मास्तरांना भीती वाटली होती ती आपण पकडले जाण्याची. या पिलांचा विचार एकदाही मनात आला नव्हता.

“दोन वर्षांतली सगळी नावं काढ,” ते कसंबसं म्हणाले. “सगळ्यांना परत बोलवू.”

“आणि त्यांची पिलं, बाबा?”

मुलीने मास्तरांचा हात घट्ट धरला. तो धरलेला त्यांना नुसता दिसला.