आईंचं नाक आणि चार वाट्या

शैलाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या कँटीनमध्ये एका जर्मन सहकाऱ्याला कढी म्हणजे काय हे हातवारे करून समजावत होतो. शैलाताई म्हणजे नाशिकला माझ्या सासूबाईंच्या समोरच्या दारातल्या शेजारीण. "आई गेल्या हो... झोपेतच. पेपर दाराबाहेर तसाच दिसला म्हणून मी माझ्याकडच्या किल्लीनं उघडलं." वाल्डॉर्फला घरी येऊन अनघाला, म्हणजे माझ्या बायकोला, सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "आपल्या घरात, आपल्या पलंगावरच ना?" हो म्हटल्यावर तिनं मान हलवली. त्या घरासाठी आणि त्या पलंगासाठी आमच्या सासूबाईंनी इथे जर्मनीत येऊन जो प्रयोग रंगवला, त्याचा सर्वांत जवळचा प्रेक्षक मी होतो. तो सांगितल्याशिवाय त्या कोण होत्या हे कळायचं नाही.

मी त्यांना आई म्हणायचो. त्या मला 'जावईबापू' म्हणायच्या, तेही असं की मागे कुठेतरी तुतारी वाजतेय असं वाटावं. ज्या बाईनं आयुष्यभर आमटीचं मीठसुद्धा वासावरून सांगितलं, त्यांचा वास एका तापानंतर गेला. पार गेला. दूध करपायचं, त्या शेजारी भाजी निवडत बसलेल्या. एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं. शैलाताई सहज आल्या म्हणून निभावलं. झालं! अनघानं इथून फर्मान काढलं: आईनं एकटं राहायचं नाही, घराला कुलूप लावून सांगलीला मामाकडे जायचं. "भावाच्या घरी पाहुणी म्हणून किती दिवस शोभेन मी?" आई विचारायच्या. शेवटी तह झाला. मे महिन्यात त्यांनी आमच्याकडे यायचं. परत जाईपर्यंत वास आला तर घर, नाही तर सांगली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज सकाळी तीनचार उग्र वास मन लावून घेत चला, कधीकधी परत येतं. आई लवंगा आणि निलगिरी घेऊनच विमानात बसल्या होत्या. पण इथे आल्यावर त्यांना खालच्या मजल्यावरच्या आमच्या घरमालकीण फ्राउ क्लाइन भेटल्या आणि लवंगा मागे पडल्या. फ्राउ क्लाइन भावाच्या रानातून फिश्टं नावाच्या, सुईसारख्या पानांच्या झाडाचे कोवळे, पोपटी शेंडे आणून बरणीत भरत होत्या. एक थर शेंडे, एक थर साखर, पुन्हा शेंडे, पुन्हा साखर. मग बरणी उन्हात. आई जिन्यातच थबकल्या. "अहो, हा तर छुंदा!" हे त्या थेट फ्राउ क्लाइनना मराठीत म्हणाल्या. त्या म्हणाल्या, "गेनाऊ!", म्हणजे अगदी बरोबर. पुढचे तीन महिने या दोघी याच पद्धतीनं बोलल्या आणि त्यांचं एकमेकींशी कधी अडलं नाही.

मग आमची वरात त्या भावाच्या रानात. आई नऊवारीत नव्हत्या, पण थाट तोच. बाजूच्या फांद्यांचे थोडेच शेंडे घ्यायचे, झाडाच्या टोकाला हात लावायचा नाही, आणि ओळख पक्की नसेल तर तोंडात काही घालायचं नाही, हा फ्राउ क्लाइनचा कायदा. आमच्याच कुंपणाला आइबं नावाचं झाड आहे, ते दिसतं गरीब, पण विषारी. त्यामुळे प्रत्येक पान आधी त्या स्वतः बघायच्या, मग मी चोळून हुंगायचो, आणि आई माझ्यासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या.

"सांगा वास."

"जंगलासारखा."

"जंगल काय एकाच वासाचं असतं? इंजिनिअर आहात ना? नीट सांगा."

"मोसंबीचं साल... आणि नवीन कपाट उघडल्यासारखं."

"हां! आता कसं!"

ते झाड डग्लासिए. त्याच्याच जातकुळीतल्या टान्नंचा वास वेगळा, किफरचा आणखी वेगळा. स्वयंपाकघरात तर धुमाकूळ होता. शेंडे बारीक चिरून थालीपिठात, कढीच्या फोडणीत, दाण्याच्या चटणीत. मला खोकला झाला तर आलं, मध आणि टान्नंच्या पानांचा काढा. नाक चोंदलं तर किफर घालून वाफारा. कशानं किती गुण आला ठाऊक नाही, पण टॉवेलखालून डोकं काढायची माझी हिंमत नव्हती. आमचा मुलगा प्रत्येक पदार्थ बघून जर्मनमध्ये विचारायचा, "यात झाड आहे का?" आणि आई अभिमानानं जर्मनमध्येच "जा, जा", म्हणजे हो, हो, म्हणायच्या.

परतीचं तिकीट जवळ आलं. अनघानं परीक्षा मांडली. आईंच्या डोळ्यांवर ओढणी, समोर चार वाट्या, चार झाडांची पानं. आईंनी एकेक पान चिमटीत धरलं, नाकाशी नेलं, डोळे बंद असूनही पुन्हा मिटल्यासारखा चेहरा केला. "हे फिश्टं... हे किफर... अहाहा, मोसंबी! डग्लासिए. आणि हे राहिलं टान्नं." चारही बरोबर! अनघा रडत त्यांच्या गळ्यात पडली. मी मात्र त्यांची चिमटी बघत होतो. ती नाकापेक्षा जास्त काम करत होती.

नंतर त्यांना बाल्कनीत गाठलं. "आई, वास आला?"

"छे! कसला वास?" त्यांनी आवाज खाली आणला. "फिश्टं बोटात गोल फिरतं आणि टोचतं. टान्नं चपटं. किफरच्या लांब काड्या जोडीजोडीनं. आणि तुमची मोसंबी पिसासारखी मऊ. लाकडी बाहुली आहे का मी, हाताला कळायला नको?"

मी म्हटलं, "अनघाला सांगावं लागेल."

"सांगा. पण माझ्या घरातला गॅस निघून विजेची शेगडी बसली की सांगा. मग वासाशी कुणाचं काय अडलंय?" हे त्यांना कधीपासून सुचलेलं होतं, कोण जाणे. पण आधी सांगितलं असतं तर ती तडजोड ठरली असती. आता तो विजय होता. शेगडी बसली, मी अनघाला सांगितलं, तिनं आम्हा दोघांशी अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी आईंकडून शेगडीचा फोटो मागून घेतला. आई आपल्या घरी राहिल्या. दर रविवारी फोन यायचा, "जावईबापू, आज काय हुंगलंत? सांगा." मी सांगायचो. पावाची बेकरी, ओला बस-स्टॉप, फ्राउ क्लाइनचं तळघर... ऐकताना त्या लहान मुलासारख्या "मग? मग?" करायच्या.

दिवसकार्य आटोपल्यावर आम्ही नाशिकला त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. शैलाताई चहा घेऊन आल्या आणि डोळे पुसत हसल्या. "याच थंडीत माझं दार बडवलं हो त्यांनी. म्हणाल्या, 'शैला, खीर लागली तुझी!' मधे दोन दारं बंद, आणि मी पातेल्याशेजारी उभी, तरी मला पत्ता नाही."

"पण त्यांना वास येत नव्हता," मी म्हटलं.

"आला होता की परत! मी म्हटलं, लेकीला कळवा. तर म्हणाल्या, नको गं... मग रविवारी जावई मला वास कशाला सांगेल?"

अनघा उठली. खिडकीत मी पाठवलेल्या, फिश्टंच्या शेंड्यांच्या पाकाची बाटली होती, तळाशी थोडा उरलेला. तिनं झाकण काढून ती माझ्या नाकाखाली धरली.

"सांग."

"राळ," मी म्हटलं, "गोडसर..."

"नीट सांग," अनघा म्हणाली आणि माझ्यासमोर पाट ओढून बसली.