कुत्री पाणी पिते का?

मी चौथीत होते तेव्हा आम्ही तळेघरच्या वरची वाडी सोडून जुन्नरला राहायला आलो. बाबांना दुधाच्या टेम्पोवर ड्रायव्हरची नोकरी लागली होती. ते पहाटे उठून गावोगावचं दूध गोळा करायला जायचे, दुपारी येऊन झोपायचे आणि चार वाजता पुन्हा दुसऱ्या फेरीला निघायचे. आई शहराबाहेरच्या एका पॉलिहाऊसमध्ये फुलं तोडायला जायची, ती दिवेलागणीला परतायची. शाळा सुटल्यापासून आई येईपर्यंत मी एकटीच असायचे.

एका ओळीत पाच खोल्या होत्या. शेवटची आमची. पलीकडे पडीक जागा, तिथे टोमॅटोचे फुटके क्रेट रचून ठेवलेले. घरमालक समोरच्या बंगल्यात राहायचे.

शाळेत पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "गावाकडे शाळेत कशी जायचीस?" आमच्या वाडीत एका बांधावरून दुसऱ्या बांधावर हाक पोचवायची म्हणजे मोठ्यानेच बोलावं लागतं. मला हळू बोलायची सवयच नव्हती. मी उभी राहून ओरडल्यासारखी म्हणाले, "चालत जायाची बाई, लई लांब व्हती!" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या, वाईट मनाने नाही, पण हसल्या. मी खाली बसले आणि त्यानंतर वर्गात तोंड उघडलंच नाही. हजेरीला नुसता हात वर करायचे. महिन्याभरात मला 'मुकी' म्हणायला लागले. घरी आई विचारायची, "मैत्रिणी झाल्या का गं?" मी मान हलवायचे. ती इतकी थकलेली असायची की तेवढ्यावर तिचं समाधान व्हायचं.

ती कुत्री मला क्रेटच्या सावलीत दिसली. तांबूस रंग, एक कान अर्धा तुटलेला. पहिले काही दिवस मी लांबूनच डब्यात उरलेली खिचडी टाकायचे. मी मागे सरकले की ती पुढे यायची. मग एक दिवस मी मागे सरकलेच नाही. ती आली, खाल्लं, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर पाय पसरून झोपली. त्या गावात माझ्याजवळ आपणहून येऊन बसलेलं ते पहिलं कुणी.

तिला मी नाव ठेवलं नाही. "यू, यू" केलं की ती यायची. मी तिच्याशी बोलायचे. वाडीतलं सगळं सांगायचे, भाताच्या खाचरातले खेकडे कसे धरायचे, आजोळची म्हैस कशी मारकी होती. दिवसभर गिळलेलं बोलणं संध्याकाळी असं बाहेर पडायचं. ती ऐकायची की नाही कोण जाणे, पण उठून जायची नाही.

तिच्या गळ्यात नायलॉनची दोरी होती, टोमॅटोची झाडं बांधायला वापरतात तसली हिरवी. पिल्लू असताना कुणीतरी बांधली असावी. ती वाढली, दोरी तेवढीच राहिली. जवळून पाहिलं तेव्हा कळलं की दोरी कातडीत रुतली आहे, तिथून पाणी झिरपतंय आणि घाण वास येतोय. एका संध्याकाळी मी बाबांचं दाढीचं ब्लेड घेतलं. तिचं डोकं मांडीवर धरलं आणि दोरीखाली बोट घालून कापायला लागले. दोन वेळा ती नुसती गुरगुरली. तिसऱ्या वेळी दोरी तटकन तुटली आणि त्याच क्षणी तिने माझा हात धरला. मनगटाच्या वर चार दात लागले. रक्त आलं. ती लगेच सोडून लांब पळाली, आणि थोड्या वेळाने परत येऊन माझ्या पायापाशी बसली.

मी मोरीवर हात धुतला, हळद भरली आणि शाळेच्या स्वेटरची बाही खाली ओढून घेतली. सांगितलं तर कुत्रीला मारतील, एवढंच डोक्यात होतं. आणि सांगायचं कुणाला? बाबा फेरीवर, आई दमलेली.

चौथ्या दिवशी रविवार होता. आई मला न्हाऊ घालत होती. तिने माझा हात वर केला आणि तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"काय गं हे?"

"पत्रा लागला."

"पत्र्याला दात असत्यात व्हय? खरं बोल!"

मी सांगितलं. आई ओरडली नाही. ती तशीच ओल्या फरशीवर बसली. तिचा चेहरा मी आधी कधीच तसा पाहिला नव्हता. तिने बाबांना उठवलं आणि म्हणाली, "माझ्या भावासारखं व्हणार हिचं." तेवढंच. आईला एक धाकटा भाऊ होता आणि तो लहानपणीच गेला, हे मला माहीत होतं. कशाने गेला, ते त्या दिवशी कळलं. कुत्रं चावल्यावर त्याला दवाखान्यात नेण्याऐवजी मंत्र घालायला नेलं होतं. शेवटी त्याला पाण्याचा पेला समोर आणला तरी चालत नव्हता. आई तेव्हा दहा वर्षांची होती आणि पेला तिच्या हातात होता.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी जखम पुन्हा धुतली, जखमेच्या कडेने सुया टोचल्या, दंडात इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "चावून चार दिवस झाले? आणि आत्ता आणताय?" बाबा खाली बघत राहिले. डॉक्टर जरा मऊ झाले. "घाबरू नका. इंजेक्शनं सगळी पूर्ण करा. पण उशीर झालाय, म्हणून त्या कुत्रीवर लक्ष ठेवा. चावल्यापासून दहा दिवस ती धड राहिली, खाती-पिती राहिली, तर तिच्यापासून धोका नव्हता असं समजायचं."

"आन नाय राहिली तर?" आईने विचारलं.

"मग लगेच इकडे या," डॉक्टर म्हणाले.

घरी येताच बाबांनी कुत्रीला मऊ पट्टा करून दोरीने खांबाला बांधलं. गळ्याच्या जखमेवर औषध लावलं. आईने, जिने तिला कधी दारात उभं केलं नव्हतं, एका पातेल्यात दूध-भाकरी कुस्करली आणि दुसऱ्यात पाणी ठेवलं. मग ती तिथेच उकिडवी बसून राहिली. कुत्रीने पाण्याला तोंड लावलं तेव्हा आईने पदराने डोळे पुसले.

सहा दिवस काढायचे होते. आई सकाळी उठली की आधी पातेलं बघायची. मीही बघायचे, पण मी स्वतःलाही बघत होते. शाळेत, घरी, दर थोड्या वेळाने मी पाणी प्यायचे. पेल्यात टक लावून बघायचे आणि भीती वाटते का ते तपासायचे. घसा जरा दुखला की वाटायचं, झालं सुरू. रडायचे नाही, कारण आईने पाहिलं असतं. मी मरणार, हे मी मनात ठरवूनच टाकलं होतं. वाडीत आजीला कोण सांगणार, एवढाच प्रश्न उरला होता.

सातव्या दिवशी शाळेतून आले तर खांबाला नुसती दोरी लोंबत होती. सुरीने कापलेली.

शेजारची काकू दारात उभी होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरमालकांना विचार गं बाई."

मी आईची वाट बघत उंबऱ्यावर बसून राहिले. आई आली, दोरी पाहिली आणि पिशवी तिथेच टाकून बंगल्याकडे धावली. मी मागे. घरमालक झोपाळ्यावर बसले होते.

"माझी दोन लहान नातवंडं हायेत घरात," ते म्हणाले. "गळ्याला जखम झालेलं, पिसाळलेलं कुत्रं दारात बांधून ठेवता तुमी? दिली पिकअपमधी टाकून. कांदा घेऊन चालली व्हती गाडी."

"पिसाळलेली नाय हो ती! डॉक्टरनी बघायला सांगितली व्हती!" आईने त्यांचे पाय धरले. "माझं लेकरू जगतंय का मरतंय ते त्या कुत्रीवर कळायचं व्हतं, आन तुमी ती टाकून दिली?"

घरमालकांना ते माहीत नव्हतं. आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं, मुलीला कुत्रं चावलं म्हटलं की लोक काय करतील या भीतीने. ते उठून उभे राहिले. फोन लावताना त्यांचा दोन वेळा नंबर चुकला. पिकअपवाल्याने फोनवर सांगितलं की डिंगोरे गावाच्या पुढे, ओढ्यावरच्या मोरीपाशी सोडली, दोन्ही बाजूंनी ऊस आहे तिथे. घरमालकांनी मोटरसायकलची किल्ली आणून आईच्या हातात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले नाही. पहाटेच्या फेरीत बाबांनी दूध घालायला येणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. दुपारी त्यांनी मला मोटरसायकलवर मागे बसवलं. "तुझ्या हाकंला यील ती," ते म्हणाले. "माझ्या नाय यायची."

मोरीपाशी उतरलो. ऊस डोक्याच्या दुप्पट उंच. बाबा म्हणाले, "हाक मार." माझ्या तोंडून आवाज निघेना. इतक्या दिवसांत मी मोठ्याने बोललेच नव्हते. बाबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "वाडीत मारायचीस तशी मार."

मी ओरडले. "यूऽऽ! यूऽऽ!" एकदा आवाज फुटल्यावर थांबताच येईना. बांधाबांधाने, पाटाच्या कडेने, वस्तीवस्तीवर आम्ही फिरलो. मी प्रत्येकाला विचारत होते, "तांबडी कुत्री बघितली का? कान तुटलेला?"

एका मळ्यात पाणी देणारे म्हातारेबाबा म्हणाले, "पावणं, नाद सोडा. हितं बिबट्या फिरतोय. आमच्या वस्तीवरची कुत्री एकामागं एक गेली. बाहेरचं कुत्रं एक रात नाय टिकायचं."

बाबांनी मला ऐकू येऊ नये म्हणून गाडी चालू केली. पण मी ऐकलं होतं. बिबट्याने नेली तर ती पिसाळली होती की नव्हती, ते कधीच कळणार नव्हतं. परतीच्या वाटेवर मी बाबांच्या पाठीला डोकं टेकून होते आणि त्यांची पाठ हलत होती. गाडीच्या धक्क्याने नाही.

घरी आई दारातच उभी होती. आम्ही दोघेच उतरलेले पाहून ती आत गेली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. त्या दिवशी चूल पेटली नाही. काकूंनी भाकरी आणून दिली, कुणी खाल्ली नाही.

नवव्या दिवशी पुन्हा गेलो. या वेळी ओढ्याच्या पलीकडे. कांदा काढून मोकळ्या झालेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. मेंढपाळाचं बिऱ्हाड होतं, कापडाचं पाल, घोडं, कोंबड्या, जाळीच्या कुंपणात कोकरं. मी लांबूनच हाक मारली आणि पालापाशी झोपलेलं एक तांबडं अंग उठून उभं राहिलं.

ती धावत आली. शेपूट हलवत, पोट जमिनीला घासत, रडल्यासारखा आवाज काढत.

आणि मी बाबांच्या मागे लपले.

दोन दिवस जिच्यासाठी घसा फोडला, ती समोर आली तेव्हा मला फक्त तिचे दात दिसले. ती माझ्याभोवती फिरत होती आणि मी बाबांचा शर्ट धरून फिरत होते. शेवटी ती थांबली, लांब जाऊन बसली आणि माझ्याकडे बघत राहिली.

पालातून एक बाई बाहेर आली. "तुमची हाय व्हय? परवा सांच्याला आली. आमच्या कुत्र्यांनी लई फाडली तिला, पर हलली नाय हितनं."

"पाणी पिती का?" बाबांनी विचारलं.

बाईला प्रश्न विचित्र वाटला असणार. "पिती की. न पियाला काय झालं?"

बाबांनी सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली, मग आत जाऊन मातीचं पसरट परळ पाण्याने भरून आणलं आणि कुत्रीपुढे ठेवलं. कुत्री लपलप करत पाणी प्यायली. आम्ही तिघंही ते बघत उभे होतो.

तिला घरी नेणं शक्य नव्हतं, मोटरसायकलवर ती बसली नसती. बाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. मी बांदून ठिवते. उद्या फोन करते." बाबांनी तिच्या मोबाइलमध्ये स्वतःचा नंबर घालून दिला आणि तिचा घेतला.

दहाव्या दिवशी आई कामावर गेली नाही. बाबांचा फोन मांडीवर घेऊन बसली. सकाळ गेली. दुपार गेली. बाबांनी दोनदा फोन लावला, लागला नाही. आई म्हणाली, "मेली आसंल. म्हनून फोन करंना ती." मी उठून पाणी प्यायले, पुन्हा बसले, पुन्हा उठले.

चार वाजता फोन वाजला. आईने तो कानाला लावला.

"हां ताई… जित्ती हाय? भाकर खाल्ली? आन पाणी? आज पिली का पाणी? तुमच्या डोळ्यांनी बघितलं? माझ्या गळ्याची आन घ्या… पुन्हा एकदा पाजा ना ताई, मी हितंच हाय, फोन ठिवत नाय."

आम्ही वाट बघितली. फोनमधून मेंढरांचा आवाज येत होता. मग बाई काहीतरी म्हणाली आणि आईने फोन जमिनीवर ठेवून मला ओढून जवळ घेतलं. इतकं घट्ट की माझा दुखरा हात दुखला.

इंजेक्शनं पुढेही घेतली. शेवटचं घेऊन झालं त्या आठवड्यात बाबा म्हणाले, "चल, कुत्रीला भेटून यू." आम्ही गेलो तर रान मोकळं होतं. नांगरटही झाली होती. शेताचा मालक म्हणाला की बिऱ्हाड नदीच्या खालच्या अंगाला गेलं, कुत्रीही त्यांच्याबरोबर गेली. बाबांनी विचारलं, "जायाचं का मागं? दूध घालणारे सांगतील कुटं हायेत ते."

मी नको म्हणाले.

बाबांना वाटलं, शाळा बुडेल म्हणून म्हणते. तसं नव्हतं. मी तिला शोधत फिरले तेव्हा लोकांना वाटत होतं की पोरीचा कुत्रीवर किती जीव आहे. शेजारच्या काकूंनी तसं सगळ्यांना सांगितलंही होतं. पण मी तिला शोधत नव्हते. मी जगणार का, ते शोधत होते. ती जगली तर मी जगणार होते, एवढ्यासाठी ती जगायला हवी होती. आणि तिला मात्र यातलं काही माहीत नव्हतं. ती फक्त हाक ऐकून धावत आली होती.

बाबांनी गाडी वळवली. मी मागे बसले. डिंगोऱ्याच्या फाट्यावर त्यांनी मला गरम भजी घेऊन दिली, ती मी सगळी खाल्ली.