मासे बुडवणारी

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही – म्हणून तुमच्यापाशी लिहायला बसले. तोंडाने सांगणं माझ्याच्याने होत नाही, ते पुढे कळेलच.

पनवेलजवळच्या एका शाळेत मी मावशी आहे. वर्ग झाडायचे, घंटा द्यायची, कुलपं लावायची. शिक्षण चौथीपर्यंत. पण बाहेर स्टुलावर बसलं की वर्गातलं ऐकू येतं, आणि विज्ञानाच्या मॅडमचं मी कान देऊन ऐकायची. एकदा त्यांनी ट्रेमध्ये चिखल पसरला, त्यात लाल आणि मातकट मणी टाकले, मुलांना चमचे दिले. तुम्ही बगळे, हे किडे – उचला. लाल मणी भराभर गेले. मातकट मागे राहिले. "जो दिसतो तो खाल्ला जातो," मॅडम म्हणाल्या. "जो लपतो, त्याचा वंश पुढे जातो."

ते मणी नंतर मीच धुतले.

पुढच्या पाठाला मॅडमना निवट्या हव्या होत्या. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलातला बोटाएवढा मासा. परांवर चालतो, पाण्याबाहेर राहतो. पाण्यातले जीव जमिनीवर कसे आले असतील, ते मुलांनी डोळ्यांनी बघावं असा त्यांचा बेत. आणणार कोण? नववीतली दर्शना. आगरी घरची, खाडीकाठच्या गावातली. तिचा बाप चिखलात हात घालून निवट्या धरायचा. ती बोलली की टॉवरमधली मुलं हसायची, म्हणून ती मागच्या बाकावर गप्प असायची. मला ती आपली वाटायची.

ती बादली घेऊन आली तेव्हा पोरांनी नाकं धरली. पण काचेच्या पेटीत एक निवटी उडी मारून चिखलावर चढली, आणि सगळा वर्ग दर्शनाभोवती गोळा झाला. "हा मासा आहे की बेडूक?" एकाने विचारलं.

"तुझ्यासारखा हाय," ती म्हणाली. "ना इकरचा, ना तिकरचा."

काय हसले सगळे. या वेळी तिला नाही – तिच्याबरोबर. मॅडमनी ठरवलं, सोमवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात पेटीजवळ दर्शनाच उभी राहून बोलणार.

शनिवारी दुपारी शाळा सुटली. दर्शना शेवटी निघाली. चिखल ओला राहावा म्हणून माझ्यासमोर एक मग पाणी टाकून गेली. मग मी कुलूप लावायला आत गेले. पेटीच्या तळाला बोटभर पाणी, आणि मासे वर चिखलात पडलेले, तोंडं उघडत-मिटत. माझं माहेर दुष्काळी माण तालुक्याकडचं. उन्हाळ्यात डोह आटला की मासे असेच पडायचे, आणि मग मरायचे. मला बघवेना. नळाचं स्वच्छ पाणी आणलं, पेटी काठोकाठ भरली. उडी मारून बाहेर पडू नयेत म्हणून वर काच ठेवली, काचेवर वीट. पुण्य केलं असं वाटत घरी गेले.

सोमवारी सगळ्या मेलेल्या. निवटीला श्वासाला वर यावं लागतं – हे मला तेव्हा कळलं.

"पाणी कुणी भरलं?" मॅडमनी विचारलं. सगळ्यांनी दर्शनाकडे बघितलं. तिने दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं.

"मावशी, तुमी होताव ना. सांगा ना, मी येकच मग टाकला."

मॅडम माझ्याकडे वळल्या. सगळा वर्ग वळला. एक वाक्य – एवढंच तर हवं होतं, नाही का?

"मला नाही माहीत," मी म्हणाले. "मी नुसतं कुलूप लावलं."

नोकरी गेली असती का? नाही. माशांपायी कुणी काढत नाही, हे तेव्हाही ठाऊक होतं. थोडा ओरडा बसला असता. मग का? सगळे बघत होते – म्हणून. दुसरं काही शोधून पाहिलं, सापडलं नाही.

तिला नाव पडलं – मासे बुडवणारी. खाडीवरची पोर, आणि मासा बुडवला. ती पुन्हा मागच्या बाकावर गेली. मग मधूनमधून यायचीच बंद झाली. मॅडम काही वाईट बाई नव्हत्या, पण एकदा सहज बोलून गेल्या, "काय गं, आधी मासे बुडवलेस, आता शाळा बुडवतेस?" वर्ग खदखदला. मी बाहेर स्टुलावर होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आलीच नाही. तिचं गाव रिक्षाने जाण्याइतकं जवळ. मी गेले नाही.

झाडताना बाकाखाली अजून कधी कधी एखादा मातकट मणी सापडतो. लाल कधीच नाही.

बऱ्याच वर्षांनी, गेल्या महिन्यात, पनवेलच्या मासळी बाजारातून जाताना हाक आली, "मावशी, बऱ्या हाव ना?" दर्शना. अंग भरलेलं, कपाळावर घाम, पुढ्यात घमेल्यात निवट्या, वर ओलं गोणपाट.

"बघा, पानी नाय घातला," ती हसली. "शिकले मी." मग गोणपाट नीट करत म्हणाली, "तवा माझ्याच हातून जास्ती पडला असल. येक मग, येक मग करत व्हते मी, पन दोन-तीन टाकले असतील. ध्यान नाय रायला."

तेव्हा तिला पक्कं ठाऊक होतं. इतक्या वर्षांत त्या एका मगाचे तिने किती मग केले असतील?

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं. तेवढ्यात मागून एका बाईने भाव विचारला, दर्शना तिकडे वळली. ती परत वळली तेव्हा मी पिशवी पुढे धरली होती.

तिने वाटा पिशवीत घातला. शाळेतली मावशी म्हणून वर मूठभर जास्तीच्या टाकल्या. मी त्या घेतल्या.