छातीचं माप

सातवीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत कबड्डी खेळताना एका पोराचं कोपर माझ्या छातीला लागलं आणि मी मैदानातच खाली बसलो. फार जोरात लागलं नव्हतं, पण डाव्या बाजूला अशी कळ गेली की डोळ्यांपुढं अंधारी आली. घरी येऊन न्हाणीचं दार लावलं, शर्ट काढला आणि चाचपून बघितलं. कातडीखाली बोराच्या बीएवढी गाठ होती. दाबली की दुखायची.

गाठ म्हटलं की मला एकच ठाऊक होतं. आमच्या गल्लीतल्या एका मावशींना छातीत गाठ झाली होती आणि वर्षभरात त्या गेल्या होत्या. त्यामुळं पहिले काही दिवस मी मरणार हे धरून चाललो. पंधरा दिवसांनी उजव्या बाजूलाही तशीच गाठ हाताला लागली. दोन्ही बाजू थोड्या वर आल्यासारख्या दिसायला लागल्या आणि भीती बदलली. मरणार नाही, पण आपली बाई होत चालली आहे असं वाटायला लागलं. हे वाटणं पहिल्यापेक्षा वाईट होतं.

विचारणार कुणाला? माझी बहीण चार वर्षांनी मोठी. तिच्या वेळी आईनं तिला आतल्या खोलीत नेऊन काहीतरी हळूहळू सांगितलं होतं, ते मला आठवत होतं. मुलींसाठी निदान कुजबुज तरी होती. मला कुणी आतल्या खोलीत नेलं नाही. बहिणीचं जुनं विज्ञानाचं पुस्तक काढून बघितलं. त्यात मुलांचा आवाज फुटतो, मिसरूड येते, खांदे रुंद होतात असं दिलं होतं. यातलं माझ्याकडं काहीच आलेलं नव्हतं आणि जे आलं होतं ते पुस्तकात नव्हतं.

मी कबड्डी सोडली. पोहायला जाणं सोडलं. आमच्या हदगावच्या मे महिन्यातल्या उन्हात दोन बनियन घालून त्यावर शर्ट घालायचो. आई म्हणायची, घामोळं येईल. घामोळं आलंच. दप्तर पाठीवर न घेता पुढं धरायची सवय तेव्हाच लागली. घरात बसवत नसे, म्हणून बसस्टँडकडून बाजाराकडं आणि बाजाराकडून परत स्टँडकडं नुसता चालत राहायचो. खांदे पुढं ओढून, छाती आत घेऊन. ओळखीचं कुणी दिसलं की रस्ता बदलायचो.

जूनमध्ये मात्र सुटका नव्हती, कारण माझे वडील शिंपी. बसस्टँडजवळ त्यांचं छोटं दुकान होतं आणि शाळा सुरू होण्याच्या आधी तालुक्यातली निम्मी पोरं गणवेशासाठी तिथं रांग लावायची. बाबा माप घेऊन मोठ्यानं बोलायचे, बहीण वहीत लिहायची. जुनाच शर्ट अजून अंगाला होतो, असं सांगून मी टाळत होतो. शेवटी एका दुपारी बाबांनी मला दुकानात उभं केलं. उंची, खांदा, बाही, सगळं बोलून झालं. मग टेप छातीभोवती आला. बाबांचा हात क्षणभर थांबला. त्यांनी मला हात वर करायला लावले, टेप थोडा सैल सोडला आणि बहिणीला म्हणाले, जा, चहा सांगून ये. ती गेल्यावर त्यांनी स्वतःच वहीत आकडा लिहिला. माझ्याकडं बघितलंही नाही.

शर्ट शिवून आला तो इतरांपेक्षा ढिला होता. एका खिशाऐवजी दोन खिसे होते आणि खिशांच्या मागं कॉलरला घालतात तसल्या कडक कापडाचा थर होता. वरून काहीच कळत नव्हतं. घालून आरशासमोर उभा राहिलो तेव्हा बरं वाटायला हवं होतं, पण वाटली फक्त लाज. म्हणजे बाबांना कळलंय. कळलंय आणि ते बोलत नाहीत, म्हणजे हे बोलण्यापलीकडचं काहीतरी आहे.

ऑगस्टमध्ये ते झालंच. खेळाच्या तासाला वर्गातल्या एका पोरानं सगळ्यांसमोर माझा खिसा धरून ओढला, आतलं कापड बाहेर आलं आणि तो म्हणाला, "आरं, ही तर बाई हाय." पोरं हसली. माझ्या हातात कंपासपेटी होती, ती मी त्याच्या तोंडावर मारली. त्याची भुवई फुटली. रक्त बघून हसणं थांबलं.

मुख्याध्यापकांनी बाबांना बोलावून घेतलं. का मारलं, हे मी सांगत नव्हतो. ते पोरगंही सांगत नव्हतं. बाबांनी माझ्या उसवलेल्या खिशाकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. सरांची माफी मागितली, त्या पोराला स्वतः दवाखान्यात नेऊन पट्टी करून आणली, आणि मग मला घेऊन घराकडं निघाले. मला वाटलं, आता मार बसणार. बाजार मागं पडला, तसं ते चालता चालता बोलायला लागले.

"दुखतंय का रे ते?"

मी होय म्हणून मान हलवली.

"हे बघ, मी डॉक्टर न्हाई. पण पंचवीस वर्सं झाली, मी पोरांच्या छात्यांची मापं घेऊन राहिलो. दर साली चार-दोन पोरं अशी असतात. तुझ्याच वयाची. मी काय बोलत न्हाई, जरा ढिलं शिवतो, आतून कापड लावतो. दोन वर्सांनी तीच पोरं येतात, तवा काय नसतं."

"कोण पोरं?" मी विचारलं.

"ते इचारायचं न्हाई."

मी रडायला लागलो ते घरापर्यंत रडत होतो. बाबा दोन पावलं पुढं चालत राहिले, मागं वळून बघितलं नाही, आणि त्याबद्दल मी आजही त्यांचा आभारी आहे.

पण मनाला चैन काही पडली नाही. दुसऱ्या दिवसापासून मी शाळेत प्रत्येकाच्या शर्टाकडं बघायला लागलो. दोन खिसे कुणाकुणाला आहेत? कुणाचा शर्ट ढिला आहे? नववी-दहावीतली धिप्पाड पोरं, कबड्डीत हात वर करून ओरडणारी, त्यांच्यातलं कोण कधी असं दप्तर पुढं धरून चाललं असेल? भुवईला पट्टी लावलेल्या त्या पोराचाही मला संशय यायचा. खरंखोटं कधीच कळलं नाही.

बाबांनाही चैन नसावी. दुसऱ्यांच्या पोरांबद्दल त्यांना खात्री होती, माझ्याबद्दल नव्हती. दिवाळीनंतर ते मला नांदेडला घेऊन गेले. ज्या डॉक्टरांकडं गेलो ते लहान मुलांचे. भिंतीवर ससे आणि फुगे काढलेले, बाकांवर मांडीवरची तान्ही बाळं रडत होती, आणि त्यांच्यामध्ये मी, चौदावं लागलेला, वडिलांच्या उंचीला टेकलेला. नर्सनं वजन करायला बोलावलं तेव्हा जमिनीत शिरावंसं वाटलं.

डॉक्टर म्हातारे होते आणि घाईत नव्हते. काही गोळ्या, पावडर घेतोस का, डोकं दुखतं का, घरात आणखी कुणाला आहे का, असं विचारलं. नीट तपासलं. मग केसपेपरच्या मागं पेनानं माणसाचं डोकं काढलं आणि त्याच्या तळाशी एक ठिपका.

ते म्हणाले, ही वाटाण्याएवढी ग्रंथी. वयात येताना ती खाली निरोप पाठवते आणि वृषणं पुरुषाचं संप्रेरक तयार करायला लागतात. पण प्रत्येक पुरुषाच्या अंगात थोडं बाईचं संप्रेरकही असतं, तसं बाईच्या अंगात पुरुषाचं. सुरुवातीला काही काळ दोघांचा तोल नीट बसत नाही. छातीखालच्या गाठी त्यातून येतात. पुष्कळ मुलांना येतात, कुणी सांगत नाही. तोल बसला की बहुतेकांच्या आपोआप जिरतात.

"तू बाई होत नाहीयेस," ते म्हणाले. "तू पुरुष होतोयस. हे त्यातलंच आहे."

मी त्यांना तसं काही विचारलंच नव्हतं.

बाबांनी दोनदा म्हटलं, काहीतरी लिहून द्या. डॉक्टरांनी काही लिहिलं नाही. सहा महिन्यांनी दाखवा, फार वाढलं तर आधी या, एवढंच. परतीच्या एसटीत बाबा निवांत झोपले. मी मात्र चिडलेला होतो. एवढ्या लांब जाऊन औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसती वाट बघायची. वाट तर मी आधीपासूनच बघत होतो.

ती लवकर संपली नाही. सहा महिन्यांनी तेवढंच होतं. नववी तशीच गेली. रोज सकाळी बोटानं चाचपून बघायचो, आणि रोज बघत असल्यामुळं कमी होतंय की नाही ते कळायचं नाही. दहावीत दुखणं थांबलं. अकरावीला मी लातूरला आलो, शिकवणीच्या गर्दीत शिरलो. एका खोलीत चौघं, एक पंखा. सप्टेंबरच्या उकाड्यात एके दिवशी कपडे वाळत घालताना ध्यानात आलं की मी गच्चीवर उघडा उभा आहे, आजूबाजूला पोरं आहेत, आणि असं गेले कित्येक दिवस चाललंय. छाती सपाट होती. डावीकडं जोरात दाबलं तर बारीकसं काही लागायचं, ते अजूनही लागतं.

तीन वर्षं एकाच जागी नजर लावून बसल्यानं बाकीचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मिसरूड आली होती. बाह्या आखूड झाल्या होत्या. गळा बसला म्हणून महिनाभर मी मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करत होतो. त्यात माझा मोबाइल बिघडलेला, म्हणून घरी बरेच दिवस बोलणं नव्हतं. एका रविवारी मेसवाल्या काकांच्या फोनवरून घरी फोन लावला. आईनं उचलला.

"आई, मी बोलतोय."

"कोण मी?" ती म्हणाली. मी पुन्हा तेच म्हणालो. मग तिचा आवाज लांबून आला, बाबांना हाक मारत होती, "अहो, कुण्या माणसाचा फोन हाय, बघा जरा."