बोंबीलचा जाच

माझ्या दारासमोरचं दार जयवंत परबांचं. त्यांच्याविषयी मला जे ठाऊक आहे ते मी मुद्दाम मिळवलेलं नाही. दार उघडं ठेवलं की आपोआप येतं, आणि दिंडोशीच्या उकाड्यात दार उघडं ठेवावंच लागतं.

काकू गेल्यावर परबकाकांनी दोन वर्षं खुर्ची ते टीव्ही एवढाच प्रवास केला. डॉक्टर म्हणाले, चाला. काका म्हणाले, "खाली उतरलं की परत वर यावं लागतं." मग एकदा पार्किंगमध्ये एक काळंकुट्ट पिल्लू त्यांच्या चपलेवर येऊन झोपलं. चपलेसाठी म्हणून काका ते वर घेऊन आले. अंगावर मांस नव्हतं, म्हणून नाव बोंबील.

त्याला तीन वर्षं झाली. आता रोज पाच वाजता हा गुडघेदुखीवाला माणूस दीड तास गल्लीबोळ हिंडतो. जिन्यात भेटले की म्हणतात, "काय सांगू नलू, ह्या मेल्यान माझो जीव घेतल्यान!"

कोकणी माणसाला एखादी गोष्ट आवडली की तो तिला नावं ठेवतो. चांगलं बोललं की दृष्ट लागते ना! काकूंच्या हातचं पस्तीस वर्षं जेवले, पण "झकास" म्हणून कधी बोलले नाहीत. "मीठ जरा जास्त झाला" म्हणायचे आणि ताट पुढे करायचे. काकू ओळखून होत्या.

मुलगी ओळखून नव्हती. ऋतिका चेंबूरला असते, कस्टमर केअरमध्ये. तक्रार ऐकली की निवारण केल्याशिवाय तिला चैन पडत नाही. रोज फोनवर "झोप नाय, सुख नाय, कुत्र्याचो जाच" ऐकून तिने बदलापूरला अंगणवालं एक घर शोधलं. रविवारी येते म्हणाली बोंबीलला न्यायला.

"बरा झाला, सुटलो," काका फोनवर म्हणाले. शनिवारी त्यांनी बोंबीलला दोनदा आंघोळ घातली. स्वतः केली नाही.

रविवारी मी समोर गेले. साखर संपली होती असं समजा. ऋतिका आलेली, बोंबीलची वाटी आणि काकूंच्या साडीची गोधडी पिशवीत भरलेली. काका राशिभविष्य वाचत होते, तेही परवाच्या पेपरातलं.

"ऋतिका, गाडीत घाण करेल हं," मी म्हटलं. "एक फेरी मारून आण. चल, मीपण येते, भाजी आणायचीय." घरात तीन दिवसांची भाजी होती.

बोंबील नेहमीच्या वाटेने निघाला, काकाही चपला घालून सोबत आले. पहिला थांबा अंबादास इस्त्रीवाला.

"काय काका, आज गप्प? तुमची कटकट ऐकल्याशिवाय माझी इस्त्री तापत नाय!"

"पप्पा इथेपण तक्रार करतात?" ऋतिकाने विचारलं.

"रोज, ताई! काल बोलले, ह्या कुत्र्यापायी दीड तास चालावं लागतं. मी बोललो, आणि गुडघे? तर बोलले, गुडघ्यांकडे बघायला सवड कुठाय?"

पुढे वनमाला मासेवाली. तिने बोंबीलसाठी बांगड्याचं डोकं बाजूला काढून ठेवलेलं.

"तुझे पप्पा सांगतात, कुत्रा ओढत आणतो म्हणून," ती ऋतिकाला म्हणाली. "मी बघते ना! पुढे ते असतात, कुत्रा मागून धापा टाकत येतो."

"तुझो बांगडो पण शिळो असता," काका पुटपुटले.

"म्हणून तर रोज नेता!"

परत येईपर्यंत दीड तास झाला. धापा ऋतिकाच टाकत होती, ती पंचवीस वर्षांनी लहान. गेटपाशी ती थांबली.

"पप्पा, नेऊ की नको? तक्रार नको, उत्तर द्या."

काकांनी कुत्र्याकडे बघितलं, पाण्याच्या टाकीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नलू, तू वर जा."

"मी कशाला जाऊ? दम लागलाय मला."

बोंबील काकांच्या चपलेवर बसला.

"ऱ्हवांदे," काका म्हणाले. मग अगदी हळू, "बरो आसा तो."

पस्तीस वर्षं ज्या बाईने रांधून वाढलं तिला जे ऐकायला मिळालं नाही, ते एका कुत्र्याला बांगड्याचं डोकं खाऊन मिळालं! ऋतिकाने डोळे पुसत पिशवीतली गोधडी काढून बापाच्या हातात दिली. मी कुठे पुसले? धूळ फार असते आमच्या गेटपाशी.

संध्याकाळी समोरचं दार उघडंच होतं. काकांनी काकूंची काजळाची डबी शोधून काढली होती आणि बोंबीलच्या कपाळावर बोटाने तीट लावत होते. काळ्या कुत्र्याला काळी तीट!

"काका, दिसतेय कुठे ती?"

"तुका दिसूची गरज नाय," काका म्हणाले. "दृष्टीक दिसली म्हणजे झाला. मेल्यान जीव घेतल्यान माझो."