मोठ्या डॉक्टरांचं घड्याळ

दवाखान्याच्या रक्ततपासणी विभागातले सगळे कॉम्प्युटर ताई सांभाळायच्या. एके दिवशी एका पेशंटच्या मुलाने रिपोर्ट त्यांच्या टेबलावर आपटला. "रक्त काढायच्या आधीच तपासून झालं? ज्योतिषी बसवलाय का आत?"

कागदावर तसंच छापलं होतं. रक्त घेणाऱ्या सिस्टरांच्या कॉम्प्युटरची वेळ एक, तपासणीच्या कॉम्प्युटरची दुसरीच.

ताईंनी पदर खोचला. मुख्य सर्व्हरने इंटरनेटवरून अचूक वेळ घ्यायची आणि बाकीच्यांनी ती त्याला विचारायची, अशी व्यवस्था त्यांनी लावली. पण बाहेरची वाट नेटवर्कवाल्याने बंद करून ठेवलेली. "बघतो," म्हणायचा आणि बघायचा नाही. त्याच्या नाकदुऱ्या काढता काढता ताईंच्या नाकी नऊ आले.

"मागेपुढे असली घड्याळं तर काय बिघडलं?" घरी नवरा म्हणाला. ताईंनी त्याच्याकडे असं काही पाहिलं, की तो मुकाट्याने भांडी घासायला उठला.

शेवटी नेटवर्कवाल्याने वाट उघडली आणि सगळे कॉम्प्युटर एका वेळेवर आले. फक्त मोठ्या डॉक्टरांचा नाही. ताईंनी दुरुस्त करावा आणि सकाळी तो पुन्हा पुढे. त्यांनी आतली बॅटरी बदलली, केबल बदलली, ठेवणीतल्या शिव्याही घालून पाहिल्या. व्यर्थ!

एका सकाळी त्या डॉक्टरांच्या टेबलाखाली शिरून वायरी तपासत होत्या. डॉक्टर आले. त्यांचं खाली लक्षच नव्हतं. वायरींतून मान बाहेर काढून ताई बघतात तो काय, स्वारी स्वतःच्या हाताने घड्याळ पुढे सरकवतेय!

"सर!"

डॉक्टर खुर्चीतून उडालेच. "अहो, तुम्ही खाली काय करताय?"

"तुम्ही वर काय करताय ते आधी सांगा! आठवडाभर डोकं फोडून घेतेय मी!"

डॉक्टर ओशाळले. "घरी जाऊन हिला दुपारचं औषध मीच देतो. घड्याळ पुढे असलं, की वेळेत इथून उठणं होतं. तुमची ती आपोआप वेळ लावायची सोय मीच बंद करतो."

"पण रिपोर्टवर तुमची सही याच घड्याळाने पडते! पेशंटच्या हातात रिपोर्ट आधी आणि सही नंतर!"

"मला वाटलं, ती वेळ नुसती कोपऱ्यात दिसते," डॉक्टर पुटपुटले.

ताईंना रागही येईना नि हसूही. त्यांनी घड्याळ बदलायची सोयच काढून घेतली आणि डॉक्टरांच्या फोनमध्ये औषधाचा गजर लावून दिला.

दुपारी भर मीटिंगमध्ये तो कोकलला. डॉक्टर बोलणं अर्धवट टाकून तडक निघाले आणि सगळ्यांनी वळून ताईंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ताई म्हणाल्या. "पुढे चालू द्या!"