चिकाचं दूध

सोनईच्या अलीकडं एका वस्तीवर आबासाहेब दूध डेअरीचा सेक्रेटरी. माणूस लई कडक. ताज्या व्यालेल्या गाईचा चीक दुधात दिसला की कॅन माघारी. चीक तापवला की त्याचा गोळा होतो, अन् टाकीत मिसळला तर सगळ्या वस्तीचं दूध हातचं जातं, हे तिथं शेंबड्या पोरालाही ठाऊक.

अन् त्याच्याच आईनं, आक्काबाईनं, एका सकाळी चीक कॅनात ओतला. दूध संकलन केंद्रावरून अख्खी टाकी परत आली. रांगेतल्या बायाबाप्यांपुढं आबासाहेब कडाडला, "जल्मभर गुरं केलीस अन् आता मुद्दाम माजं नाक कापतीस व्हय? हितं पाय ठिवू नगंस." आक्काबाई रिकामी चरवी पदराखाली धरून निघून गेली. रांगेतली बनुबाई म्हणाली, म्हातारीला सेक्रेटरीचा राग असंल. सगळे हसले. तोही हसला.

पुढं म्हातारी गोठ्याची वाटच विसरली, तेव्हा आबासाहेबाच्या बायकोनं, सुकन्यानं, हट्ट करून दोघांना नगरला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. त्यांनी मेंदूचा फोटो दाखवून सांगितलं, की मेंदूत प्रथिनं असतात, त्यांची नीट घडी बसली तरच कामाची. एखाद्याची घडी चुकली की ते शेजारच्यालाही आपल्यासारखं वाकडं करतं. मग ती चिकटतात, गुठळ्या होतात. एका जातीच्या प्रथिनाच्या गुठळ्या पेशींच्या बाहेर, दुसऱ्या जातीच्या पेशींच्या आत. बाहेरच्या वाढल्या की आतल्यांनाही जोर येतो, अन् पेशी मरतात, माणूस विसरत जातं.

"चिकावानी?" आबासाहेबानं विचारलं.

"चिकाला आच लागते. हे आच न लावता, पंधरा-वीस वर्षं गुपचूप चालतं."

आबासाहेबाची मान खाली गेली. म्हणजे रांगेपुढं आई मुकाट उभी होती, तेव्हाही हे तिच्या डोक्यात चाललंच होतं.

दुसऱ्या सकाळी त्यानं डेअरीवर सगळ्यांना सांगितलं, की आईनं मुद्दाम काही केलं नव्हतं, ती आजारी होती, अन् बोललो ते चुकलं. कोणी वर बघितलं नाही. बनुबाईनं उगाच आपला कॅन पुसला.

मग घरी येऊन तो आईच्या खाटेपाशी बसला. म्हणाला, मी लोकांदेखत लई वंगाळ बोललो.

"कुनाला?"

"माज्या आईला."

आक्काबाईनं त्याच्याकडं निरखून बघितलं. "मग तिलाच सांग की बाबा. मला कशाला सांगतूस?"

तिचे पाय त्याच्या हाताशी होते. ते धरायचाही त्याला धीर झाला नाही.